समुद्रावर छकुलीचा राखणदार कोण?

परीक्षा संपली, पुस्तकं माळ्यावर गेली आणि घरात एकच विषय सुरू झाला ना? यंदा सुट्टीत समुद्रावर जायचं! आजी-आजोबा येणार, काका-काकू येणार, आत्या तिच्या दोन्ही मुलांना घेऊन येणार. मामा तर आमंत्रणाची वाटच बघत होता. खिडकीची जागा कुणाची, यावरून एव्हाना एक-दोन भांडणंही झाली असतील.

या साऱ्या धामधुमीत घरातल्या एका माणसाचं मत कुणीच विचारत नाही. ते माणूस दीड वर्षाचं आहे. नुकतंच चालायला, खरं म्हणजे पळायला शिकलंय. दिसेल ते तोंडात घालतं आणि ‘नको’ म्हटलं की हसत हसत तेच करतं. प्रत्येक घरी त्याचं नाव वेगळं असणार. आपण तिला छकुली म्हणू या. तुमच्या घरी छकुला असेल, तर तुम्ही तसं वाचा.

आजचा हा लेख तुमच्यासाठी, म्हणजे छकुलीच्या ताई-दादांसाठी आहे. आईबाबांनी तो तुमच्या खांद्यावरून वाचला तरी चालेल. नव्हे, वाचलाच पाहिजे!

चला, मुरूडला!

महाराष्ट्राला सातशे किलोमीटरहून लांब समुद्रकिनारा आहे. त्यातलं एक गाव उदाहरणादाखल घेऊ. रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोली तालुक्यातलं मुरूड. (जंजिऱ्याजवळचं मुरूड वेगळं, ते रायगड जिल्ह्यात. गाडीवाल्या काकांना हे आधीच सांगून ठेवा!) रेल्वेने जायचं तर कोकण रेल्वेच्या खेड स्टेशनावर उतरायचं आणि तिथून दापोलीमार्गे रस्त्याने मुरूड गाठायचं.

मुरूड हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं गाव. स्त्रियांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचणारे, १९५८ साली भारतरत्न मिळालेले अण्णासाहेब कर्वे लहानपणी याच वाळूत खेळले असतील. शाळकरी वयात ते परीक्षा द्यायला मुरूडहून थेट साताऱ्यापर्यंत चालत गेले होते. तिथे गेल्यावर काय झालं असेल? ‘वयाने फार लहान दिसतोस’ असं म्हणून त्यांना परीक्षेलाच बसू दिलं नाही! पुढे हेच कर्वे शंभरी ओलांडून जगले.

इथला किनारा लांबलचक आणि पसरट. मागे नारळी-पोफळीच्या वाड्या, वाड्यांत कौलारू घरं. जवळच हर्णै बंदर. तिथला मासळीचा लिलाव प्रसिद्ध आहे. खोल पाण्यात थांबलेल्या होड्यांकडची मासळी बैलगाड्यांतून किनाऱ्यावर आणायची, ही हर्णैची जुनी ओळख. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग उभा. मात्र पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. त्या दिवसांत लिलाव बघायला गेलात तर हात हलवत परत याल.

आणि पावसाळ्यात तर छकुलीला घेऊन समुद्रात जायचा विचारही नको. तेव्हाचा समुद्र लांबून बघायचा.

तिथीचं गणित

समुद्रावर जाण्याआधी समुद्राचं वेळापत्रक बघायचं. ते कुठे मिळतं? मोबाइलवर मिळतंच, पण तुमच्या घरात भिंतीवरही ते टांगलेलं आहे. कॅलेंडर! तारीख नव्हे हं, तिथी बघायची.

कोकणातल्या जुन्या माणसांचं एक सोपं गणित आहे. तिथीला तीनाने गुणा आणि चाराने भागा. जे उत्तर येईल, साधारण तितक्या वाजता भरती. समजा, आज षष्ठी आहे. सहा त्रिक अठरा, भागिले चार, साडेचार. म्हणजे पहाटे साडेचार आणि दुपारी साडेचार या सुमाराला पूर्ण भरती. त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी, म्हणजे पावणेअकराच्या आसपास पूर्ण ओहोटी. अष्टमीला? आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधरा धरा. उत्तर सव्वाअकरा. शुक्ल पक्ष असो की कृष्ण पक्ष, प्रतिपदा म्हणजे एक.

हे गणित जमतं कसं? भरती येते मुख्यतः चंद्राच्या ओढीमुळे. चंद्र रोज आदल्या दिवसापेक्षा सुमारे ५० मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तितकीच उशिरा येते. तीन चतुर्थांश म्हणजे पाऊण, आणि पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटं. आहे की नाही जवळजवळ तेच? गावागणिक वेळ अर्धा-एक तास पुढेमागे होते, म्हणून आपलं उत्तर गावातल्या माणसाला विचारून पडताळून घ्यायचं.

आता दोन शब्द शिकून घ्या. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराला चंद्र आणि सूर्य मिळून पाणी ओढतात. तेव्हा भरती खूप वर चढते आणि ओहोटी खूप आत जाते. हे ‘उधाण’. अष्टमीच्या सुमाराला दोघांची ओढ एकमेकींशी काटकोनात असते, म्हणून पाण्याची चढउतार कमी. तो ‘भांग’. मुंबईत उधाणाच्या मोठ्या भरतीला पाणी साडेचार मीटरच्याही वर जातं. तिथून दक्षिणेला गोव्याकडे जावं, तशी ही चढउतार कमी होत जाते.

छकुलीला याचा काय उपयोग? उपयोग असा, की उधाणाच्या दिवसांत संध्याकाळी ओहोटी असते. मग तिला खेळायला ओल्या, घट्ट वाळूचं भलंमोठं अंगण मिळतं. तीच संध्याकाळ षष्ठी-सप्तमीची असेल तर पाणी वरपर्यंत आलेलं असणार. तेव्हा वाळूचा किल्ला बांधायचा तो पाण्यापासून लांब, कोरड्यात. आणि मोठ्यांना एक सांगून ठेवा: गाडी वाळूत नेऊ नका. भरतीचं पाणी गाडीभोवती कधी येतं ते जेवणाच्या गप्पांत कळत नाही आणि चाकं वाळूत रुतली की मग सगळ्या गावाला ढकलायला बोलवावं लागतं.

घोट्याएवढं पाणी ते काय!

“अरे, घोट्याएवढं तर पाणी आहे, खेळू दे तिला!” असं एखादे काका हमखास म्हणतात. इथे थोडं विज्ञान बघू.

दीड वर्षाच्या मुलाचं वजन साधारण दहा किलो. दहा लिटर पाण्याने भरलेल्या बादलीतल्या पाण्याचं वजनही दहा किलोच! आता किनाऱ्याशी येऊन फुटणारी एखादी छोटीशी लाट डोळ्यांपुढे आणा. ती तुमच्या गुडघ्याएवढी असली तरी तिच्यात अशा कित्येक बादल्या असतात, आणि त्या सगळ्या एकदम धावत येतात. तुम्ही हलत नाही, पण छकुली आडवी होते.

तुम्ही स्वतः एक प्रयोग करून बघा. मोठ्या माणसाला जवळ घेऊन घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहा. लाट परत जाताना टाचांखालची वाळू सरकते, पाय आपोआप आत रुततात आणि तोल मागे जातो. तुमचं वजन छकुलीच्या तिप्पट-चौपट, तरी तुम्ही डगमगता. मग तिचं काय होत असेल?

लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं आणि जड असतं. पालथं पडलं की त्याला चटकन डोकं वर काढता येत नाही. त्यामुळे मूल वीतभर पाण्यातही बुडू शकतं. आणखी एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. सिनेमात बुडणारा माणूस हात हलवतो, ‘वाचवा, वाचवा’ ओरडतो. खरं बुडणारं मूल बहुतेक वेळा ओरडत नाही. तोंडात पाणी असताना ओरडणार कसं? ते गुपचूप बुडतं. म्हणून कानांवर भिस्त ठेवून चालत नाही, डोळेच लागतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की बुडून मृत्यू येण्याचं प्रमाण सगळ्यांत जास्त आहे ते एक ते चार वर्षांच्या मुलांमध्ये. म्हणजे नेमकं आपल्या छकुलीचं वय.

एवढी माणसं आहोत की!

आता मुख्य गोष्टीकडे येऊ.

तुमच्या सहलीत चौदा माणसं आहेत. छकुलीकडे कोण बघणार, असं विचारलंत तर उत्तर ठरलेलं: “एवढी माणसं आहोत की!” ऐकायला किती छान वाटतं! पण किनाऱ्यावर प्रत्यक्षात काय होतं? आईला वाटतं, ती आजीजवळ आहे. आजीला वाटतं, आत्याने उचललं. आत्याला वाटतं, बाबा आहेत ना तिथे. बाबा फोटो काढत असतात. मामा भेळेची ऑर्डर देत असतो. सगळ्यांचं छकुलीवर प्रेम आहे, सगळ्यांचं मधूनमधून लक्षही आहे. पण एका विशिष्ट मिनिटाला तिच्यावर कुणाचेच डोळे नाहीत, असं सहज घडू शकतं.

याचा माणसांनी अभ्यास केलाय बरं का! अमेरिकेत १९६८ साली जॉन डार्ली आणि बिब लाताने या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एकेकट्या खोलीत बसवून यंत्रावरून एकमेकांशी बोलायला सांगितलं. मध्येच बोलणाऱ्यांपैकी एकाला झटका आल्याचा आवाज ऐकू आला. (तो आधीच ध्वनिमुद्रित केलेला होता.) ‘हे ऐकणारा मी एकटाच आहे’ असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यातले १०० पैकी ८५ जण तो आवाज संपायच्या आत मदत मागायला उठले. ‘माझ्याशिवाय आणखी चौघे ऐकताहेत’ असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यातले तेवढ्या वेळात उठले १०० पैकी फक्त ३१. ही मुलं दुष्ट होती का? मुळीच नाही. तीही घाबरली होती, काळजीत होती. पण जबाबदारी पाच जणांत वाटली गेली, आणि वाटली गेली की ती प्रत्येकाच्या वाट्याला थोडी थोडीच येते.

शाळेत ‘कुणीतरी फळा पुसा रे’ असं बाई म्हणाल्या की काय होतं, ते तुम्हांला माहीत आहे. तेच ‘समीर, फळा पूस’ म्हटलं की काम होतं.

शिट्टी ज्याच्या गळ्यात, लक्ष त्याचं

कोकणात गावाचा राखणदार मानतात. गावाच्या वेशीवर त्याचं ठाणं असतं, आणि त्याचं काम एकच, राखण. छकुलीलाही समुद्रावर असाच एक राखणदार हवा. एका वेळी एकच, आणि तो कोण हे सगळ्यांना ठाऊक असलेला.

त्यासाठी लागते एक शिट्टी. खेळाच्या तासाला असते तशी, दोरीची. नियम अगदी सोपे आहेत:

शिट्टी ज्या मोठ्या माणसाच्या गळ्यात, छकुली त्याची. त्या वेळी त्याने मोबाइल बघायचा नाही, फोटो काढायचा नाही, पत्ते खेळायचे नाहीत, डुलकी तर नाहीच नाही.

पाळी वीस मिनिटांची. त्याहून जास्त वेळ कुणाचंही लक्ष टिकत नाही. सगळ्यांच्या वाट्याला पाळी येते, त्यामुळे आईलाही कधी नव्हे ते निवांत समुद्र बघायला मिळतो!

पाळी बदलताना शिट्टी हातात द्यायची आणि तोंडाने म्हणायचं, “आत्या, आता छकुली तुझी.” आत्याने “हो, माझी” असं म्हटल्याशिवाय पहिल्याची सुटका नाही.

छकुली पाण्याजवळ असेल तेव्हा राखणदार तिच्यापासून एका हाताच्या अंतरावर. आणि नेहमी समुद्राच्या बाजूला. म्हणजे आधी समुद्र, मग राखणदार, मग छकुली.

मग तुमचं काम काय? तुम्ही आठवी-नववीत असलात तरी पाण्याकाठची शिट्टी मोठ्यांच्याच गळ्यात राहणार. पण पाळ्यांची वही तुमच्याकडे! कोण किती वाजता, ते लिहायचं, घड्याळ बघायचं आणि वीस मिनिटं झाली की “काका, तुमची पाळी!” असं ठणकावून सांगायचं. एरवी मोठी माणसं तुम्हांला वेळेवरून बोलतात. एकदा तुम्ही त्यांना बोलून बघा, फार मजा येते.

समुद्राची आणि छकुलीची ओळख

दीड वर्षाच्या मुलाला समुद्र कसा दिसत असेल? तुम्ही वाळूत पालथे झोपून बघा. लाटा केवढ्या मोठ्या दिसतात! आवाज मोठा, पायाखालची जमीन हलते, वारा तोंडावर येतो. म्हणून पुष्कळ मुलं पहिल्या दिवशी रडतात. अशा वेळी “घाबरते काय, टाक पाण्यात!” म्हणणारे एक काका प्रत्येक घराण्यात असतात. त्यांना हसत हसत थांबवणं हे तुमचं काम.

पहिल्या दिवशी नुसतं बघू द्या. कडेवरून. मग वाळूत बसू द्या. काही मुलांना वाळूच तळव्यांना टोचते, ती पाय वर उचलून घेतात. चालेल. दुसऱ्या दिवशी बादलीत समुद्राचं पाणी आणून त्यात हात घालू द्या. तिसऱ्या दिवशी बहुतेक ती स्वतःच पाण्याकडे धावते. आणि तेव्हा राखणदाराची खरी परीक्षा असते!

ओहोटीच्या वेळी तिला किनाऱ्यावर फिरवा. ओल्या वाळूवर कुणीतरी मोहरीएवढ्या-साबुदाण्याएवढ्या गोळ्यांची रांगोळी काढलेली दिसेल. हे एका इवल्याशा खेकड्याचं काम. ओहोटी लागली की तो बिळातून बाहेर येतो, वाळू तोंडात घेतो, तिच्यातले बारीक अन्नकण तेवढे खातो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो. अशा शेकडो गोळ्या! पुढची भरती सगळं पुसून टाकते आणि पुढच्या ओहोटीला हा गडी नवी रांगोळी घालायला हजर. चालणारा शंख दिसला तर तोही उचलू नका. आत दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात घर केलेला खेकडा असतो. तुम्ही तो शंख घरी नेलात तर त्याचं घरच नेलंत की! छकुलीला बोट दाखवून दाखवा. तिला ‘खेकडा’ म्हणता आलं नाही तरी ती तिचा एक नवा शब्द तयार करील आणि घरात वर्षभर तोच चालेल.

खारे वारे आणि तापलेली वाळू

भूगोलात ‘खारे वारे’ आणि ‘मतलई वारे’ घोकलेत ना? इथे ते अंगावर घ्या. दिवसा जमीन लवकर तापते, पाणी सावकाश. जमिनीवरची हवा तापून वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून हवा येते. ते खारे वारे. रात्री उलट, जमीन लवकर निवते आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो. ते मतलई वारे.

पण या खाऱ्या वाऱ्याची एक लबाडी आहे. तो गार लागतो, त्यामुळे ऊन लागतंय हे कळतच नाही. छकुलीची कातडी नाजूक, आणि लहान मुलाचं शरीर मोठ्यांपेक्षा लवकर तापतं. म्हणून समुद्रावर जायचं सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत आणि संध्याकाळी साडेचार-पाचनंतर. अंगात सुती, पूर्ण बाह्यांचा झबला, डोक्याला टोपी. मधली दुपार वाडीत, झाडाखाली, झोपाळ्यावर. दुपारी वाळूवर पाय ठेवून बघा, तुम्हीच नाचायला लागाल!

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं. ते पाणी पोटात गेलं तर तहान वाढते, उलटी होते. म्हणून साधं पाणी जवळ ठेवा आणि थोडं थोडं पाजत राहा. डोळ्यांत वाळू गेली तर चोळायचं नाही, गोड्या पाण्याने धुवायचं. डायपर समुद्राच्या पाण्यात फुगून जड होतो आणि आत अडकलेली वाळू कातडीला घासते. परत आल्यावर आधी गोड्या पाण्याची आंघोळ, मग खाऊ.

वाडीतलं पाणी आणि ताटातला काजू

समुद्रावरून घरी आलं की सगळे हुश्श करतात. “चला, आता काही काळजी नाही.” थांबा! कोकणातल्या वाडीत विहीर असते. शिंपणासाठी हौद असतो. न्हाणीघरात भरलेली बादली असते. छकुलीला ही सगळी पाणीच. मुक्कामी पोचलात की सामान उतरवायच्या आधी वहीवाल्या माणसाने एक फेरी मारायची: विहिरीला कठडा आणि जाळी आहे का? हौद झाकलेला आहे का? बादल्या पालथ्या आहेत का? नसेल तर घरमालकांना सांगायचं. कोकणातली माणसं मनाने प्रेमळ असतात, लगेच फळी टाकून देतील. आणि शिट्टी वाडीतही चालू ठेवायची.

दुसरी फेरी ताटांवरून. चौदा माणसं म्हणजे चौदा हात, आणि प्रत्येकाला छकुलीला काहीतरी भरवायचं असतं. अख्खे काजू, शेंगदाणे, फुटाणे, करवंदं, जांभळं दिसायला खाऊ. पण लहान मुलाच्या घशात अडकायला एक पुरे. छोटे शंख-शिंपलेही तसेच. काजू द्यायचा तर कुटून, खिरीत घालून. छकुलीने काय खायचं ते एकच माणूस ठरवील, असा नियम करा. मऊ भात, ताक, घावन, आंब्याचा रस यांवर ती मजेत राहते. आजोबांनाही ते सोसतं!

ताई-दादांसाठी थोडंसं

तुम्हांला पोहता येतं? छान! पण तलाव वेगळा आणि समुद्र वेगळा. किनाऱ्यावर आलेलं पाणी परत जाताना कधी कधी एका अरुंद पट्ट्यातून जोरात आत ओढलं जातं. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असतात आणि मध्ये पाणी शांत, जरा गडद दिसतं. तीच जागा फसवी. त्या ओढीत सापडलात तर सरळ किनाऱ्याकडे झगडत येऊ नका, दमून जाल. किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याबाहेर पडा, मग किनाऱ्याकडे वळा. हात वर करून मदत मागा. आणि कमरेच्या वर पाण्यात जायचंच कशाला? जीवरक्षक किंवा गावकरी ‘इथे नको’ म्हणाले, की इथे नको. ते समुद्राला रोज बघतात, आपण वर्षातून एकदा.

वाळूत जेलीफिश पडलेला दिसला तर मेलेला असला तरी हात लावू नका, त्याचे काटे तरीही डंख करतात. पाकट हा मासा उथळ पाण्यात वाळूखाली दडून बसतो आणि पाय पडला तर शेपटीचा काटा मारतो. २०१३ साली गणेशविसर्जनाच्या वेळी मुंबईच्या गिरगाव चौपाटीवर कितीतरी लोकांना पाकटांनी डंख केले होते. म्हणून पाण्यात चालताना पाय उचलून न टाकता वाळूत घासत चला, म्हणजे तो आधीच पळून जातो. डंख झालाच, तर चोळत बसू नका, डॉक्टरांकडे चला.

निघण्याआधीची घरसभा

सहलीच्या आदल्या रात्री सगळ्यांना एकत्र बसवा. अध्यक्ष तुम्ही. वहीत हे लिहा आणि मोठ्याने वाचून दाखवा:

१. तिथी कोणती, भरती किती वाजता, ओहोटी किती वाजता.

२. शिट्टीच्या पाळ्या. आजोबांना पाण्याकाठची नको, वाडीतली द्या. गुडघे दुखणाऱ्यांना पळणाऱ्या छकुलीमागे पाठवू नका.

३. मुक्कामाजवळचा दवाखाना कुठे आहे. मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८.

४. छकुली दिसली नाही, तर पहिल्यांदा पाण्याकडे धावायचं. अंगण, खोली, गाडी नंतर.

५. मोठ्यांसाठी: पाण्यातून काढलेलं मूल श्वास घेत नसेल तर उलटं धरून किंवा पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नये. ताबडतोब तोंडाने श्वास देणं आणि छाती दाबणं सुरू करावं आणि दुसऱ्याने रुग्णवाहिका बोलवावी. हे जमण्यासाठी सहलीआधीच प्रथमोपचार शिकून घ्यावा.

एवढं केलंत की मग पोटभर खेळा. किल्ले बांधा, आजीला लाटेत पाय बुडवायला लावा, मामाला गळ्यापर्यंत वाळूत पुरा. छकुलीला यातलं पुढे काहीच आठवणार नाही. आठवणार तुम्हांला. आणखी आठ-दहा वर्षांनी घरात नवी छकुली येईल, आणि आजची छकुली वही-पेन्सिल घेऊन तुमच्यासमोर उभी राहील: “दादा, तुझी पाळी!”

तोवर शिट्टी जपून ठेवा. आणि हो, आज तिथी कोणती? चटकन सांगा बघू, भरती किती वाजता?